चौथ्या ट्रेचं शेवटचं टोपण

अक्काताई चौगुलेनं कागद हातात घेतला, मागं काही लिहिलंय का ते उलटून बघितलं, आणि सुलटा करून मोठ्यानं वाचायला लागली.

‘ऑपरेटरने दोन्ही हातांची बटणे सोडण्यास दिरंगाई केल्यामुळे प्रेसचा रॅम वरच्या टोकाला न थांबता खाली उतरला. कंट्रोल पॅनेलची तपासणी केली असता कोणताही दोष आढळला नाही.’

तिनं मान वर केली. ‘तपासनी कवा केलासा? तुमी तर आत्ता आलासा. डबा तरी उघडलासा का?’

मी पॅनेलचा डबा उघडला नव्हता. माझ्या खांद्यावरची लॅपटॉपची बॅगसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती. तो कागद पॅनेल बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या मुतालिक साहेबांनी आदल्या दिवशी पुण्यात टाईप करून माझ्या हातात दिला होता. जागा सोडली होती ती फक्त तारखेची आणि दोन सह्यांची.

‘सही कर, अक्का, आणि मशीनवर बस,’ मगदूम शेठ म्हणाले. कुपवाडच्या एमआयडीसीतलं ते प्रेसशॉप त्यांचं. माणूस वाईट नव्हता. पण डोक्यावर मोटारकंपनीचा माल पोचवायची तारीख होती, आणि आठ दिवसांपासून ही बाई शंभर टनी प्रेसवर बसत नव्हती. ‘साहेब पुण्यावनं आल्यात. एवढा मोठा माणूस खोटं लिहील व्हय?’

‘लिवलंय की,’ अक्का म्हणाली.

‘सही करायची नसंल तर उद्यापासनं येऊ नको. दुसरी बाई बसवतो मी.’

‘बसवा. तिचा हात गेल्यावर तिसरी हुडका.’

मगदूम माझ्याकडं बघायला लागले. आता बोलायची पाळी माझी होती. मी खिशातलं पेन काढून तिच्यापुढं केलं. ते घ्यायला तिनं उजवा हात पुढं केला, तेव्हा मला दिसलं. अंगठ्याशेजारचं आणि मधलं बोट दुसऱ्या पेरापासून नव्हतं. पेन तिनं अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटात धरलं, सवयीनं, सहज.

‘हे कुठं गेलं?’ मी विचारलं.

‘पायानं दाबायच्या प्रेसवर. इथं न्हवं, मिरजेत, दुसऱ्याच्या कारखान्यात. अकरा वर्सं झाली.’ ती पेनाकडं बघत म्हणाली. ‘तवाबी असाच एक कागद हुता. दवाखान्यातच आणलेला. ह्या हाताला पट्टी, म्हनून डाव्या हातानं सही केली मी. काय लिवलंय ते वाचलंबी न्हाई. तवापासनं वाचते.’

तिनं पेन मला परत दिलं.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. मी कोण होतो ते सांगतो. माझं नाव रमजान शिकलगार. डिग्री नाही. आयटीआयला रेडिओ-टीव्हीचं काम शिकलो, दुकानात बसून लोकांच्या जळक्या वॉशिंग मशीनची कार्डं दुरुस्त केली. त्या कार्डावरचा काळा किडा, आठ-आठ पायांच्या दोन रांगा असलेला, त्याच्या आत काय चाललंय हे कळल्याशिवाय मला झोप लागेना, म्हणून झेरॉक्स काढलेल्या पुस्तकांवरून चिपची भाषा शिकलो. कोणी शिकवलं नाही. इंग्रजी वाचायला डिक्शनरी लागायची. भोसरीतल्या त्या कंपनीत मला घेतलं तेव्हा मुतालिक साहेब गिऱ्हाइकांना सांगायचे, ‘हा आमचा मेकॅनिक.’ आणि त्या मेकॅनिकनं लिहिलेल्या प्रोग्रॅमवर सदतीस प्रेस चालत होत्या. माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव साहेबांचं होतं.

मला त्या प्रोग्रॅमचा माज होता. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी कुपवाडला गेलो तो बाई चुकतेय हे ठरवूनच. माझी ओळ न् ओळ पाठ होती. दोन हातांची दोन बटणं, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून आदळणारा लोखंडी ठोकळा, हलणार नाही, म्हणजे रॅम उतरताना बाईचे दोन्ही हात बाहेर. एका दाबाला एकच ठोका. ठोका मारून रॅम वर गेला की वरच्या टोकाला थांबणार म्हणजे थांबणार. मग बाईनं हात आत घालून तयार टोपण काढायचं, पत्र्याची नवी चकती ठेवायची.

म्हणून मी तिला म्हणालो, ‘अक्का, हे बघा. तुम्ही बटणं दिवसभर दाबून धरली तरी दुसरा ठोका पडत नाही. मी स्वतः तसं लिहिलंय.’

‘दाबून धरली तरी न्हाई?’

‘नाही.’

‘म्हंजे सोडायला उशीर झाला तरी रॅम खाली येनार न्हाई.’

‘नाही येणार.’

‘मग ह्या कागदात काय लिवलंय?’

मगदूम शेठ खाकरले. पुण्यापासून सहा तास तो कागद मी खिशात घेऊन आलो होतो, आणि त्यात लिहिलेली गोष्ट होऊच शकत नाही हे माझ्याइतकं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी पेन पुढं केलं होतं. आमच्या धंद्यात ‘ऑपरेटरची चूक’ हे दोन शब्द शिक्क्यासारखे वापरतात. कंट्रोल बनवणारा वापरतो, प्रेस बनवणारा वापरतो, कारखान्याचा मालक वापरतो. तिघांचंही भागतं. ज्याचं बोट जातं तो एकटा सही करतो.

मी कागद घडी घालून खिशात टाकला.

‘काय होतं ते सांगा,’ मी म्हणालो. ‘पहिल्यापासून.’

‘महिना झाला सांगतीया. कोन ऐकतंय.’ तिनं प्रेसकडं हात केला. ‘रॅम वर जातो, थांबतो. रोज थांबतो. पर एखाद्या वक्ताला थांबायचं इसरतो. अडखळल्यागत करतो, मग हिकडं उतरतो, आनि मग थांबतो. आधी दोन बोटं उतरायचा. आता चार बोटं उतरतोय.’

चार बोटं. ब्रेकचं लायनर झिजत होतं, एवढं मला कळलं. पण ब्रेक झिजल्यानं रॅम दर वेळी घसरेल. एखाद्याच वेळी नाही.

‘कधी होतं? सकाळी? मशीन तापल्यावर?’

‘चौथ्या ट्रेला.’

‘म्हणजे?’

‘म्हंजे चौथ्या ट्रेला. शेवटच्या टोपनाला.’ ती वैतागली. ‘न्हाईतर आठव्याच्या शेवटच्या. न्हाईतर बाराव्याच्या. मधी कवाच न्हाई. चौथा ट्रे भरत आला की मी हात जपून घालायची.’

मगदूम हसले. ‘बघा. मशीनला ट्रे मोजता येतात म्हणं. देवीला कौल लावल्यागत बोलती ही. म्हणून म्हणलं तुम्हाला, सही घ्या आणि सुटा.’

मला हसू आलं नाही. मशीनशेजारी निळ्या प्लॅस्टिकचे ट्रे एकावर एक रचलेले होते. टोपण बसावं म्हणून त्यात गोल खाचे. मी वाकून एका रांगेतले खाचे मोजले. आठ. रांगा मोजल्या. आठ.

चौसष्ट. चार ट्रे म्हणजे दोनशे छप्पन्न.

हे ज्याला कळत नाही त्याला कसं सांगू. आठ बिटांच्या त्या चिपचं तोंड लहान असतं. एका घासात तिला शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचाच आकडा गिळता येतो. दोनशे छप्पन्न झाले की घास फुटतो, दोन करावे लागतात. हा आकडा चिपच्या हाडातला आहे. तो बाजारात नाही, घड्याळात नाही, पंचांगात नाही. माणसं दहानं मोजतात, डझनानं मोजतात. दोनशे छप्पन्न फक्त ती चिप मोजते. आणि तिच्या पोटातला तो आकडा ही चौथी शिकलेली बाई बाहेरून, पत्र्यातून, लोखंडातून, टोपणं भरता भरता ओळखून बसली होती.

‘अक्का,’ मी म्हणालो. ‘सकाळी आल्यावर मेन स्विच तुम्ही चालू करता?’

‘मीच.’

‘आणि जेवायला उठताना?’

‘बंद करते.’

‘मग जेवण झाल्यावर कितव्या ट्रेला होतं?’

‘जेवनानंतरच्या चौथ्याला. पुन्हा पयल्यापासनं मोजायचं.’

‘जेवायला उठताना ट्रे अर्धा राहिला असेल तर?’

‘ऱ्हात न्हाई. ट्रे पुरा केल्याबिगर मी उठत न्हाई. अर्ध्या ट्रेवर उठलं की नंतर मोजनी चुकती.’

‘खराब टोपण निघालं तर बाजूला टाकता?’

‘सगळी ट्रेतच. खराब कुठलं ते तपासनीवाल्या बाया बघत्यात.’

मेन बंद केलं की चिपमधली मोजणी शून्यावर यायची. एक ठोका, एक टोपण, एक खाचा. तिच्या शिस्तीत कुठंच फट नव्हती.

‘किती दिवसांनी होतं?’

ती प्रेसच्या मागच्या बाजूला गेली. मी आणि मगदूम तिच्या मागं गेलो. तेलकट हिरव्या रंगावर खडूनं उभ्या रांगा काढल्या होत्या. वर ४, ८, १२, १६, २०. खाली फुल्या. चारच्या खाली तीन, आठच्या खाली एक, बाराच्या खाली दोन. प्रत्येक फुलीशेजारी तारीख.

‘शनवारी मशीन पुसत्यात,’ ती म्हणाली. ‘मी सोमवारी पुन्हा काढते.’

मगदूमांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं होतं. ‘हे कवा काढलंस गं?’

‘महिना झाला. तुमी ह्या बाजूला कवा येतासा?’

पुण्यात आमच्याकडं एक यंत्र होतं, चिपच्या प्रत्येक पायावर काय चाललंय ते पडद्यावर दाखवणारं, परदेशातून आणलेलं, कपाटात कुलूप लावून ठेवलेलं. चावी मुतालिक साहेबांच्या खिशात. त्या यंत्रानं सहा महिन्यांत जे दाखवलं नसतं ते खडूच्या सहा फुल्यांत होतं. मी तिथंच जमिनीवर मांडी घातली, लॅपटॉप उघडला आणि माझा प्रोग्रॅम वाचायला बसलो. पाठ असलेला प्रोग्रॅम माणूस वाचत नाही, म्हणत जातो. त्या दिवशी मी तो पहिल्यांदा वाचला.

वीस मिनिटं लागली.

ठोक्यांचा आकडा मी दोन कप्प्यांत ठेवला होता. उजव्या कप्प्यात दोनशे पंचावन्नपर्यंत भरायचं, ते भरलं की उजवा शून्य आणि डाव्यात एक. रॅम वरच्या टोकाला आला की सेन्सर चिपला ढुसणी देतो. चिप हातातलं काम तसंच टाकते, कप्प्यांतला आकडा एकानं वाढवते, आणि टाकलेलं काम पुढं चालू करते. चिपचं हातातलं काम काय, तर सारखं ते कप्पे वाचत राहायचं: ठोका पुरा झाला का, झाला का, झाला का. आधी डावा कप्पा, मग उजवा. आकडा वाढला की क्लच सोडायचा, ब्रेक लावायचा.

आता दोनशे पंचावन्न ठोके झालेत. डावा शून्य, उजवा भरलेला. चिप डाव्यात बघते: शून्य. आणि नेमका त्याच क्षणाला, डावा बघून झाला आणि उजवा बघायचाय एवढ्याच फटीत सेन्सर ढुसणी देतो. डाव्यात एक होतो, उजव्यात शून्य. चिप परत येते. डावा तर तिनं बघितलाय. उजव्यात बघते: शून्य. डावा शून्य, उजवा शून्य. दोनशे छप्पन्न टोपणं मारलेल्या बाईनं चिपच्या लेखी अजून एकही टोपण मारलेलं नाही.

फट केवढी? सेकंदाचा लाखावा हिस्सा. पण चिप तिथंच गरागरा फिरत असते, म्हणून चाळीस खेपांत एकदा सेन्सर नेमका त्या फटीत सापडायचा.

तरीही काही बिघडलं नसतं. पुढच्याच फेरीत तिनं बरोबर आकडा वाचला असता, कुणाला कळलंही नसतं. बिघडलं माझ्या शहाणपणामुळं. कारखान्यात विजेचा खडखडाट असतो, सेन्सर कधीकधी खोटं बोलतो, म्हणून मी एक पहारा बसवला होता: आकडा मागं गेला तर विश्वास ठेवायचा नाही, साठ मिलिसेकंद थांबायचं, मग पुन्हा वाचायचं. तो पहारा लिहिला त्या दिवशी मी स्वतःवर खूश होऊन चहा पाजला होता सगळ्यांना. आकडा मागं गेला. चिप माझ्या हुकमाप्रमाणं थांबली. साठ मिलिसेकंद क्लच लागलेला, आणि शंभर टनी प्रेसचा रॅम वरचं टोक ओलांडून उतरायला लागलेला. तेवढ्यात अक्काचा हात आत निघालेला.

चिपनं काही चूक केली नव्हती. मी सांगितलं तेच, तसंच, त्याच क्षणी केलं होतं. असा आज्ञाधारकपणा मी माणसात पाहिला नाही, आणि मला त्याची भीती वाटली.

‘सापडलं?’ अक्का म्हणाली.

‘सापडलं.’

‘कुनाचं हाय?’

‘माझं.’

तिनं मान हलवली. जणू मी कुठल्या गावचा ते सांगितलं होतं.

मगदूमांना पुरावा हवा होता, आणि तो त्यांचा हक्क होता. मी दुसरी चिप बर्न केली, म्हणजे तिच्यावर प्रोग्रॅम चढवला. तीच चूक, फक्त मोजणी शून्याऐवजी दोनशे पन्नासपासून सुरू होणारी. आता चार ट्रे भरायची गरज नव्हती. मेन चालू, सहा ठोके, मेन बंद. पुन्हा चालू, सहा ठोके. डाय, म्हणजे खालचा साचा, रिकामा; हात आत घालायचा नाही. बटणांवर अक्का बसली, मी आणि मगदूम लांब उभे. दहा खेपा झाल्या. वीस झाल्या. मगदूम घड्याळाकडं बघायला लागले. एकतिसाव्या खेपेला सहाव्या ठोक्यानंतर अक्का म्हणाली, ‘आला,’ आणि ती बोलल्यावर रॅम अडखळला. बोलल्यावर. मग तो उतरला. सावकाश, काही झालंच नाही अशा तऱ्हेनं, चार बोटं खाली आला आणि ब्रेकनं त्याला धरलं.

‘आधी कसं कळलं?’ मी विचारलं.

‘क्लचची हवा सुटतीया न्हवं, फुस्स करून. ती सुटली न्हाई.’

मगदूम शेठ खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘माझी सून बसती कधीकधी हिच्या जागी. हिची रजा असली की.’

त्यांच्या ऑफिसातल्या फोनवरून मी मुतालिक साहेबांना सगळं सांगितलं.

‘हे बघ शिकलगार,’ साहेब म्हणाले. ‘दुरुस्त केलेली चिप बसव. ऑपरेटरची सही घे. तू ये परत. बाकीच्या मशीन आपण सर्व्हिसिंगला जाऊ तसतशा बदलू. गाजावाजा करायचा नाही.’

‘सर, सर्व्हिसिंग सहा महिन्यांनी असतं. छत्तीस मशीन आहेत.’

‘तक्रार एकाच ठिकाणाहून आली आहे.’

‘बाकीच्या ठिकाणी अक्का नाही.’

‘कोण अक्का?’

‘ऑपरेटर.’

‘तू मला शिकवणार? तुला घेतला तेव्हा तुझ्याकडे काय होतं रे?’

‘काहीच नव्हतं, सर. म्हणूनच चूक माझी आहे म्हणायला मला काही वाटत नाही. तुमच्याकडं डिग्री आहे, तुम्हाला जड जाणार.’

त्यांनी फोन ठेवला. मी खिशातला कागद काढला, टाईप केलेल्या दोन्ही वाक्यांवर रेघ मारली आणि खाली हातानं लिहिलं: दोष कंट्रोल पॅनेलच्या प्रोग्रॅममध्ये आहे. प्रोग्रॅम मी लिहिला आहे. सही केली. मग मगदूमांना म्हणालो, ‘फोन थोडा वेळ लागेल मला.’ छत्तीस कारखान्यांचे नंबर माझ्या डायरीत होते. भोसरी, सातारा, अंबड, शिरोली, एक तर पार हुबळीला. प्रत्येकाला एकच सांगितलं, मशीन आत्ता बंद करा, मी येतोय. नऊ जणांनी शिव्या घातल्या. साताऱ्याचा एक सुपरवायझर म्हणाला, ‘आमच्या पोराचा अंगठा गेला की ओ गेल्या महिन्यात. आम्ही त्याचीच चूक धरली.’

मी फोन ठेवला. मगदूमांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

त्या अंगठ्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. साताऱ्याला मी गेलो, त्या पोराला भेटलो, आणि तो माझ्याशी जे बोलला ते त्याचं आहे.

दुरुस्ती दोन ओळींची होती. कप्पे वाचण्याआधी सेन्सरला दाराबाहेर थांबवायचं, दोन्ही वाचून झाले की आत घ्यायचं. पहाऱ्याच्या ओळी मी काढून टाकल्या. नव्या चिपवर पुन्हा दोनशे पन्नासपासून मोजणी सुरू करून सहा-सहा ठोक्यांच्या दोनशे खेपा केल्या. रॅम एकदाही उतरला नाही. मग शून्यापासून मोजणारी खरी चिप बसवली, पॅनेलचं दार लावलं, हात पुसले.

‘झालं, अक्का. बसा.’

ती जागची हलली नाही. ‘तुमी बसा.’

‘मी?’

‘इथं रीत हाय. ज्यानं मशीन खोललं त्यानं पयले ट्रे मारायचे. फिटर असू दे न्हाईतर सायेब. इचारा शेठला.’

मगदूम म्हणाले, ‘हाय खरी रीत. आमच्या वडलांपासनं.’

मी दहा वर्षं प्रेसचे कंट्रोल लिहीत होतो, आणि प्रेसच्या त्या पाटावर एकदाही बसलो नव्हतो. बसल्यावर कळलं की डायचं तोंड बरोबर छातीसमोर येतं. वर रॅम, गुळगुळीत, माझ्यापेक्षा रुंद. चकती ठेवली. दोन्ही बटणं दाबली. ठोक्यानं पाटासकट मी हादरलो. रॅम वर गेला, हवा सुटली, फुस्स. मी टोपण काढलं. ते कोमट होतं.

‘हळू चाललंय,’ अक्का मागून म्हणाली. ‘असं मारलासा तर दिवाळीला चौथा ट्रे हुईल.’

पहिला ट्रे गेला. दुसरा गेला. हाताला लय आली. तिसऱ्यात मी मोजायला लागलो, आणि मोजायला लागल्यावर लय गेली. चौथ्या ट्रेची शेवटची रांग. दोनशे एकोणपन्नास. दोनशे पन्नास. प्रोग्रॅम बरोबर आहे हे मला ठाऊक होतं. विश्वास नव्हता हा, ठाऊक होतं, दोन अधिक दोन ठाऊक असतं तसं. दोनशे पंचावन्न. शेवटची चकती. बटणं दाबली. रॅम पडला, वर गेला, हवा सुटली, थांबला.

माझा हात गेला नाही.

मी हाताला जा म्हणालो. तो मांडीवर पडून राहिला. डायमध्ये ते टोपण चकचकत होतं, माझ्यापासून वीतभर लांब. महिनाभर, दर चौथ्या ट्रेला, ही बाई इथं बसून हात आत घालत होती. सांगून कुणी ऐकत नाही म्हणून जपून, पण घालत होती. मला जे ठाऊक होतं ते तिला ठाऊक नसताना. उरलेल्या तीन बोटांनी.

‘घालतासा का मी घालू?’ अक्का म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता.

मी हात घातला. टोपण काढलं. ट्रेच्या शेवटच्या खाच्यात ठेवलं. शर्ट पाठीला चिकटला होता.

‘आता एका खेपेनं काय कळनार,’ ती म्हणाली. ‘ते काय दर खेपेला अडखळत न्हवतं.’

‘खरं आहे.’ चाळीसात एकदा, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

‘मग उठा. बसते मी.’

ती बसली. तिचा हात मी पहिल्यांदा चालताना पाहत होतो. चकती, बटणं, ठोका, टोपण, खाचा. एकही हालचाल जादा नाही. माझा ट्रे जेवढ्या वेळात निम्मा भरला असता तेवढ्यात तिचा भरायचा. सातवा ट्रे झाला, आठवा अर्ध्यावर आला, तशी ती म्हणाली, ‘सायेब, मागं नका हुबारू. हिकडं या. मला दिसंल असं.’

मी प्रेसच्या बाजूला, तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मगदूम दारात होते. शॉपमधल्या दुसऱ्या दोन प्रेस थांबल्या, त्यांच्यावरच्या बाया मान वळवून बघायला लागल्या. शेवटची रांग. मी मोजत होतो; तीही मोजत असणार. पाचशे दहा. पाचशे अकरा. तिनं शेवटची चकती मांडली, दोन्ही बटणं दाबली. ठोका पडला. रॅम वर गेला.

अक्कानं रॅमकडं बघितलं नाही. मान वर केली, माझ्या तोंडावर नजर रोखली, खडूच्या फुल्या मारताना बघत असेल तशी, आणि बघत बघत हात आत घातला.

मी डोळे मिटले नाहीत.

टोपण खाच्यात बसलं. ‘नववा ट्रे द्या,’ ती म्हणाली.